नावांचे घोळ
(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



जेवणानंतरचं सत्र माझ्या वाट्याला आलंय, तेव्हा आधी गमती सांगते. वस्तीत काम करताना आपल्या सगळ्यांच्याच गाठीशी गमतींचा ढीग साठतो. माझ्याकडच्या निम्म्या गमती बायकांच्या नावांच्या आहेत.

वस्तीतल्या एक काकू दवाखान्यात रक्त तपासायला गेल्या होत्या. सिस्टर पुकारत होती, "सुनंदा! अहो, सुनंदा कोण?" कुणी उठेना. काकू शेजारणीला म्हणाल्या, "काय बाई तरी! एवढ्या हाका मारतायत, बहिरी आहे का ही?" दवाखाना बंद व्हायची वेळ आली तेव्हा उलगडा झाला, की सुनंदा म्हणजे त्याच! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ते नाव लिहिलं होतं, पुढे कागदोपत्री तेच लागलं. पण माहेरी त्या शकू, सासरी थोरल्या जाऊबाई आणि गल्लीत पिंट्याची आई. तीस वर्षांत सुनंदा म्हणून त्यांना कुणी हाक मारलीच नव्हती.

दुसरी गंमत बँकेतली. खातं उघडताना एका वहिनींना नवऱ्याचं नाव तोंडानं सांगवेना. मागची रांग चुळबुळायला लागली. शेवटी रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "अगं, उखाण्यात घे की!" वहिनींनी खिडकीपाशी झोकात उखाणा घेतला, रांगेनं टाळ्या वाजवल्या. कारकून हसत म्हणाला, "नवऱ्याचं झालं. आता तुमचं नाव सांगा." तर वहिनी म्हणतात, "आता सांगितलं की!"

तिसरी गोष्ट एका आजींची. रेशनकार्ड काढताना साहेबांनी मालकांचं नाव विचारलं. आजींनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, "पंढरपूरचा देव." साहेब हुशार! त्यांनी लिहिलं 'विठ्ठल'. आजोबांचं नाव होतं पांडुरंग. देव एकच, पण रेशनकार्डावर एक नवरा आणि मतदारयादीत दुसरा. आजोबा होते तोवर सगळी गल्ली यावर हसायची. आजोबा गेले आणि आजींनी निराधार योजनेसाठी अर्ज केला. मृत्यूचा दाखला पांडुरंगाचा आणि रेशनकार्डावर त्या बायको विठ्ठलाची. खिडकीतून उत्तर आलं, "विठ्ठलाच्या मृत्यूचा दाखला आणा." मग प्रतिज्ञापत्र आलं, साक्षीदार आले, चार खेपा आणि चार दिवसांची मजुरी गेली. तेवढे महिने आजी शेजाऱ्यांकडे उसने तांदूळ मागत होत्या.

आता हसू जरा कमी झालं, नाही का? कचेऱ्यांमध्ये हे किस्से 'बायकांचा वेंधळेपणा' म्हणून चहाबरोबर सांगितले जातात. पण बाईला माहेरी एक नाव, सासरी दुसरं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि तिचं कुणी घ्यायचं नाही. ही सगळी रीत तिला घरानं शिकवली. ती तिनं इमानानं पाळली, आणि खिडकीपाशी वेंधळी तीच ठरली.

याची किंमत देशानंही मोजली आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी याद्या तयार होत होत्या. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा राज्यांत असंख्य बायकांनी आपली नोंद 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशीच करवली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की स्वतःचं नाव नसेल तर नोंद धरायची नाही. सुमारे २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. मताचा हक्क घटनेनं दिला होता, पण ओठांवर नाव आलं नाही.

आज हा घोळ मुलांपर्यंत पोचू शकतो. १ मे २०१४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा निर्णय महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्ये घेतला. आपण अनेक वर्षं मागत होतो तेच हे. पण आईची नावंच तीन असतील तर दाखल्यावर कोणतं घालणार?

म्हणून दोन कामं सांगते. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कोणताही कायदा नाही, हे लग्नाच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना आधीच सांगा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीला रेशनकार्ड, आधारकार्ड, बँकेचं पासबुक घेऊन यायला सांगा. तिन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि नावं अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक दिसला तर लगेच दुरुस्तीचा अर्ज भरा, घरात कुणी आजारी पडायची किंवा जायची वाट पाहू नका.

आणि आता हजेरीची वही तुमच्याकडे येते आहे. तिच्यात प्रत्येकीनं आपलं पूर्ण नाव लिहायचं, आणि लिहिताना मोठ्यानं म्हणायचं. शेजारणीला ऐकू गेलं पाहिजे.