जवसाची चटणी, पाहुण्यांच्या ताटात



पौषात वाशिमहून रिसोडकडे जाताना हरभऱ्याच्या शेतात मध्येच निळी पट्टी दिसायची. तो जवस. सकाळी फुललेलं त्याचं फूल दुपारपर्यंत पाकळ्या गाळून बसतं, म्हणून ते शेत पाहायचं तर उन्हं चढायच्या आत. आता खरिपात सोयाबीन आणि रब्बीत हरभरा-गहू. निळी पट्टी शोधावी लागते.

घरात मात्र जवस टिकून आहे. आमची आजी लोखंडी कढईत मंद आचेवर तो भाजायची आणि वर ताटली झाकायची, कारण तडतडताना दाणे पार चुलीबाहेर उडतात. तडतड मंदावली की लगेच उतरवायचा, नाहीतर कडवटपणा येतो. मग उखळात सुकी मिरची, लसूण, जिरं, मीठ घालून जाडसर कुटायचा. गरम ज्वारीच्या भाकरीवर चटणी, चटणीत बोटानं खळगा आणि खळग्यात तेल. पूर्वी तेही घाण्यावरचं, जवसाचंच.

हीच चव जर्मनीत आहे. बर्लिनच्या आग्नेयेला लाउझिट्स नावाचा प्रदेश आहे, सोर्ब या छोट्या स्लाव्ह समाजाचा. सालासकट उकडलेले बटाटे, आपल्या चक्क्यासारखं क्वार्क आणि वर जवसाचं तेल, हे तिथलं गरिबाघरचं जेवण. आज प्रवासी खास तेच खायला जातात. स्ट्राउपित्झ गावच्या जुन्या पवनचक्कीत अजून तेल गाळतात. ते ताजंच न्यावं लागतं. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ असतं, आणि हवा लागली की ते लवकर खवट होतं. युरोपात १९९२ साली प्रादेशिक पदार्थांची नावं राखणारा कायदा झाला. त्याखाली 'लाउझिट्सचं जवस तेल' हे नाव त्या भागात गाळलेल्या तेलालाच लावता येतं.

असा कायदा आपल्याकडेही १९९९ मध्ये झाला. विदर्भात भिवापूरच्या मिरचीला आणि वायगावच्या हळदीला तो मान मिळाला आहे. पण कागदाच्या आधी ताट येतं. कारंज्याला गुरुमंदिरात, पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत, शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनाला लांबलांबून माणसं येतात, आणि आपण त्यांच्यापुढे समोसा नाहीतर पनीर ठेवतो. घरचं खाणं पाहुण्याला वाढायला आपल्याला संकोच वाटतो. मला हे मनापासून खटकतं.

म्हणून खानावळवाल्या बंधूभगिनींना माझी विनंती आहे. ताटात भाकर आणि चमचाभर जवसाची चटणी ठेवा. शिरपूरच्या जैन यात्रेकरूंसाठी लसूण वगळा, चटणी तशीही छान होते. आणि शेतकरी बांधवहो, यंदा हरभरा पेराल तेव्हा चार ओळी जवसाच्या टाका.