शिक्षण : हक्क की सेवेचा मोबदला?



उच्च शिक्षणाचा भार राज्याला पेलणार नाही, असे सांगणाऱ्यांना मी भांडवलशाहीच्या माहेरघरातलाच दाखला देतो. २२ जून १९४४ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांनी 'जी. आय. बिल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यावर सही केली. युद्धावरून परतलेल्या सैनिकाची वर्षाला ५०० डॉलरपर्यंतची फी सरकारने भरावी व त्याला निर्वाहभत्ताही द्यावा, अशी त्यात तरतूद होती. सुमारे २२ लाख माजी सैनिक महाविद्यालयांत गेले. १९४७ साली विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ निम्मे तेच होते. मात्र दक्षिणेतील कृष्णवर्णीय सैनिकाला वर्णभेदामुळे बहुतेक दारे बंदच राहिली.

१९७३ साली सक्तीची सैन्यभरती थांबली आणि या सवलतीचे रूप पालटले. पूर्वी ती कृतज्ञता होती. आता ती भरतीचे आमिषही झाली. २००८ च्या कायद्यानुसार ३६ महिने सेवा केलेल्यास आपल्या राज्यातील सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, घरभाडे आणि पुस्तकांसाठी पैसे मिळतात.

सैनिकाला मिळते ते त्याने कष्टाने कमावलेले आहे. त्यातला एक डॉलरही कमी होऊ नये. प्रश्न वेगळाच आहे. श्रीमंताच्या मुलाने थेट वर्गात जावे आणि गरिबाच्या मुलाने आधी खांद्यावर बंदूक घ्यावी, हा कुठला न्याय? जे राज्य एके काळी निम्म्या विद्यार्थ्यांचा खर्च उचलू शकले, त्याची अडचण तिजोरीची नाही, इच्छेची आहे.