गाडी उलाळ होऊ देऊ नका

आम्ही सिंधुदुर्गातल्या खाडीकाठच्या एका बचत गटाच्या दहा जणी. आमची १४ फुटी फायबरची होडी आहे, शिडावर चालणारी. तिच्यातून आम्ही पर्यटकांना खाडीत फिरवतो. होडी कर्जावर घेतलेली, हप्ता अजून चालू आहे. पावसाळ्यापूर्वी ती ट्रेलरवर चढवून, जीपमागे जोडून गावात आणतो. नारळी पौर्णिमा झाली की परत नेतो. वाट सहा किलोमीटरची, पण मध्ये मोठा उतार आहे.

मागच्या वर्षी त्याच उतारावर ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे हेलकावू लागला. समोरून शाळेची मुलं येत होती. ड्रायव्हरभाऊंनी जोरात ब्रेक दाबला, तसा ट्रेलर आणखी आडवा गेला आणि दरडीला टेकून थांबला. मुलं वाचली. होडीची एक बाजू फुटली. त्या रात्री आम्हा कोणालाच जेवण गेलं नाही.

चूक कुठे झाली? इंजिन, नांगर, पाण्याचे कॅन असं सगळं जड सामान आम्ही होडीच्या मागच्या टोकाला ठेवलं होतं. जन्मभर बैलगाडी पाहिलेल्या आमच्या काकी भरतानाच म्हणाल्या होत्या, "गाडी उलाळ झाली गो!" आम्हीच म्हटलं, "काकी, जीपचं भाऊंना कळतं." पण बैलगाडी मागे जड झाली की जू वर उचलतं. ट्रेलरचंही तसंच. पुढचा दांडा हलका झाला की वेगात ट्रेलर झुलू लागतो.

म्हणून आता आम्ही वजन करतो. होडी, सामान आणि ट्रेलर मिळून ३०० किलो असेल, तर त्यातलं साधारण ३० किलो, म्हणजे दहावा हिस्सा, जीपच्या हुकावर यायला हवं. कोकम मोजायच्या काट्यावर लाकडाचा ओंडका ठेवायचा, त्यावर हुकाच्या उंचीला दांडा टेकवायचा आणि ओंडक्याचं वजन वजा करायचं. भार कमी भरला तर सामान पुढे सरकवायचं, फार जास्त भरला तर थोडं मागे. आपली गाडी किती ओढू शकते, तेही तिच्या पुस्तिकेत बघा. ट्रेलरचीही नोंदणी लागते, ती आरटीओत विचारून करून घ्या.

निघण्यापूर्वी होडीतलं पाणी काढा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो ओझं, आणि तेही डुचमळणारं. डोलकाठी उतरवून आडवी बांधा. उभी राहिली तर विजेच्या तारेला लागेल, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या काठीतून वीज थेट माणसापर्यंत येते. होडी पुढून, मागून आणि मधून ट्रेलरला आवळा. हुकाखालून दोन साखळ्या कैचीसारख्या एकमेकींवरून घाला. हूक निसटला तर दांडा रस्त्यावर न आपटता साखळ्यांवर पडेल. टायरची हवा आणि मागचे दिवे तपासा. थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढून बघा.

वाटेत वेग कमी ठेवा. उताराला लागण्यापूर्वीच गिअर खाली घ्या. वळण मोठं घ्या, कारण ट्रेलरची चाकं आतून जातात. ट्रेलर झुलू लागला तर एकदम ब्रेक दाबू नका. स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा.

मागे घेताना आमच्यातली एक जण ही युक्ती शिकली: स्टिअरिंगला खालच्या बाजूला हात धरायचा. ट्रेलर डावीकडे हवा तर हात डावीकडे, उजवीकडे हवा तर उजवीकडे. धक्क्याच्या उतारावर जीपच्या चाकांना दगड लावा. ट्रेलरच्या मागे किंवा दोन्हींच्या मध्ये कोणी उभं राहू नका. चाकं गार झाल्याशिवाय ट्रेलर पाण्यात घालू नका. गरम चाकाच्या आत खारं पाणी ओढलं जातं आणि बेअरिंग गंजतं. नंतर चाकं गोड्या पाण्याने धुवा, ग्रीस भरत राहा.

आणि आमचा एक नियम. दहा जणींपैकी एकीनेही "थांब" म्हटलं, तर जीप हलत नाही. यंदा काकींनी दोनदा थांबवली. एकदा टायरात हवा कमी निघाली. दुसऱ्यांदा काहीच निघालं नाही. तरी कोणी हसलं नाही. भाऊच म्हणाले, "काकी, पुढच्या वेळीही बघा हां."