फटक्यामागील शास्त्र



ज्या क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या स्मृतीस प्रथम अभिवादन करतो. १९४७ साली विजय हजारे व गुल महंमद यांनी ज्या वडोदऱ्यात होळकर संघाविरुद्ध ५७७ धावांची भागीदारी केली, तेथे बेसबॉलवर बोलणे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु फटका म्हणजे काय, हे त्या अमेरिकन खेळात विशेष स्पष्ट दिसते.

तेथे चेंडू साडेसाठ फुटांवरून, टप्पा न घेता येतो. ताशी नव्वद मैल वेगाच्या चेंडूला फलंदाजापर्यंत पोहोचण्यास सुमारे ०.४ सेकंद लागतो. त्यातील ०.१५ सेकंद बॅट फिरवण्यात जातो. पाहणे आणि ठरवणे उरलेल्या पाव सेकंदातच उरकावे लागते. शिवाय बॅट गोल व चेंडूही गोल. अर्ध्या इंचाची चूकही फटका वाया घालवते.

दंडाच्या बळावर हे साधत नाही. शरीराचा भार प्रथम मागच्या पायावर घ्यावा लागतो. लहानसे पाऊल पुढे पडते, तो पाय घट्ट रोवला जातो आणि कंबर वळते. तिच्यामागून खांदे, मग हात व शेवटी मनगटे येतात. आसुडाची मूठ थांबावी आणि टोक सणाणत सुटावे, तसा प्रत्येक अवयव आपला वेग पुढच्याला देऊन मंदावतो. हात आधी सुटले, तर पायांचे व कमरेचे बळ बॅटपर्यंत पोहोचतच नाही.

टेड विल्यम्स या श्रेष्ठ फलंदाजाने यात दोन गोष्टींची भर घातली. चेंडू उंचवट्यावरून उतरत येतो. म्हणून बॅट किंचित वर जाणारी असावी, म्हणजे ती चेंडूच्या मार्गात अधिक काळ राहते. दुसरी गोष्ट निवडीची. आपल्या पुस्तकात त्याने फटक्याचे क्षेत्र ७७ चेंडूंत विभागले. मध्यावरच्या चेंडूवर त्याची अपेक्षित सरासरी ०.४००, तर बाहेरच्या खालच्या कोपऱ्यात केवळ ०.२३०! तोच फलंदाज, तीच बॅट; फरक केवळ चेंडूच्या निवडीचा.

२८ सप्टेंबर १९४१ रोजी, हंगामाच्या अखेरच्या दिवशी, त्याची सरासरी ०.३९९५५ होती. न खेळता ती ०.४०० धरली गेली असती. तो दोन्ही सामने खेळला, आठ संधींत सहा यशस्वी फटके मारले आणि ०.४०६ वर पोहोचला. एवढ्या थोर हंगामातही दर दहा संधींपैकी सुमारे सहा वेळा त्याला अपयशच आले.

विद्यार्थी मित्रहो, परीक्षेच्या एका गुणपत्रिकेने खचणाऱ्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. पाय रोवावेत, योग्य चेंडूची वाट पाहावी, आणि तो आला की कचरू नये.