'कॉस्मॉस' आणि प्रायश्चित्ताची व्याप्ती



चार विषयांना ओझरता स्पर्श करण्यापेक्षा आज मी एकाच ग्रीक शब्दापाशी थांबणार आहे. 'कॉस्मॉस', म्हणजे जग. योहानाच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात तो येतो. ख्रिस्ताने केलेले प्रायश्चित्त आपल्याच पापांपुरते नाही, सबंध जगाच्या पापांसाठी आहे, असा तिथला आशय. ख्रिस्त मेला तो सर्वांसाठी की देवाने तारणासाठी निवडलेल्यांसाठी, हा जुना वाद या वचनापाशी येऊन अडतो.

वाद पेटला नेदरलँड्समध्ये. डच धर्मशास्त्रज्ञ आर्मिनियस १६०९ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन मांडले. ख्रिस्त प्रत्येक माणसासाठी मेला, लाभ मात्र विश्वास ठेवणाऱ्यालाच, हे त्यातले दुसरे कलम. १६१८-१९ च्या डॉर्ट धर्मसभेने ते नाकारले. पण त्याच सभेने ख्रिस्ताच्या मरणाचे मोल साऱ्या जगाच्या पापांना पुरून उरणारे आहे, असेही नोंदवले आहे. डॉर्टवर कोतेपणाचा शिक्का मारणारे नेमके हे गाळतात, याचे मला वाईट वाटते.

पुढे इंग्लंडात धर्मशास्त्रज्ञ जॉन ओवेनने विचारले: ख्रिस्ताने सर्वांची सर्व पापे वाहिली असतील, तर अविश्वासाचे पापही त्यांत आलेच; मग कोणाचाही नाश का व्हावा? हा प्रश्न झटकून टाकण्याजोगा नाही. या वचनातले 'आपण' म्हणजे यहूदी विश्वासणारे आणि 'जग' म्हणजे इतर राष्ट्रांतले विश्वासणारे, हा त्याचा अर्थ मात्र मला पटत नाही. त्याच पत्राचा पाचवा अध्याय उघडा. एकोणिसाव्या वचनात पुन्हा 'सबंध जग' आहे, ग्रीकमध्ये शब्द तेच, आणि पुन्हा एका बाजूला 'आपण'. तिथे ते जग त्या दुष्टाच्या अधीन पडलेले आहे. ते निवडलेल्यांचे जग कसे असेल? योहानाचे जग म्हणजे देवाकडे पाठ फिरवलेले जग, आणि प्रायश्चित्त त्याच्यासाठी आहे. म्हणून सगळेच तरतील असेही हे वचन म्हणत नाही. पाचव्या अध्यायातही ते जग बंधनातच आहे.

हा वाद आपल्या दारापर्यंत आलेला आहे. विल्यम केरी ज्या 'पर्टिक्युलर बॅप्टिस्ट' पंथाचे, त्याचे नावच मर्यादित प्रायश्चित्ताच्या मतावरून पडलेले. त्या पंथातले काहीजण सरसकट सर्वांना विश्वासाचे आवाहन करायलाही कचरत. त्याच पंथाचे अँड्र्यू फुलर यांनी १७८५ च्या आपल्या ग्रंथात ही कोंडी फोडली: निवडीचा सिद्धान्त न सोडताही सुवार्ता प्रत्येकाला सांगता येते, सांगितलीच पाहिजे. १७९२ मध्ये केटरिंगला मिशनरी संस्था उभी राहिली तेव्हा तिचे चिटणीस फुलरच होते. तिने पाठवलेल्या केरींच्या श्रीरामपूर छापखान्यातून १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. प्रायश्चित्त निवडलेल्यांपुरते मानणाऱ्या माणसांनी तो परक्या मुलखातल्या, कधी न पाहिलेल्या लोकांच्या हाती दिला, हे मला फार मोलाचे वाटते.

आपल्या पाळकांना आणि लेखकांना माझी एकच विनंती आहे. या वचनावर प्रवचन लिहिण्याआधी योहानाचे ते पाच अध्यायांचे पत्र एका बैठकीत वाचा, 'जग' जिथे जिथे येते तिथे खूण करा, आणि मगच आपापल्या पंथाचे भाष्य उघडा.