उसनी कथा आणि अस्सल सोंगाड्या



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही मंडळींनी नाक मुरडले असेल. ज्या व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर आणि अर्थकारणावर बोलायचे, तेथे भुताने झपाटलेल्या बाहुल्याचा चित्रपट आणून बसवायचा, म्हणजे जरा अतिच झाले! पण त्याच मंडळींच्या घरी जाऊन ‘तात्या विंचू कोण?’ असे विचारून पाहावे. लहान पोरेही उत्तर देतील.

‘झपाटलेला’ हा चित्रपट महेश कोठारे यांनी १९९३ साली काढला. त्याच्या पाच वर्षे आधी, १९८८ मध्ये, अमेरिकेत ‘चाइल्ड्स प्ले’ नावाचा भयपट निघाला होता. त्यात पोलिसांच्या गोळीने मरू घातलेला एक खुनी मंत्रविद्येच्या जोरावर आपला जीव बाहुल्यात घालतो. तो बाहुला एका लहान मुलाच्या हाती पडतो. आणि पुन्हा मनुष्यदेह हवा असेल, तर आपले गुपित ज्याला प्रथम सांगितले त्याच्याच शरीरात शिरावे लागेल, असे त्याला पुढे कळते. आपल्याकडे याच सांगाड्यावर तात्या विंचू आणि बाबा चमत्कार असे देशी कपडे चढवले. तेव्हा कथा उसनी आहे, हे सरळ मान्य करावे. तिची वकिली आम्ही करणार नाही.

पण उसनवारी करताना एक मोठी अडचण उभी राहिली, तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. मूळ कथेतला मुलगा सहा वर्षांचा आहे. ‘माझा बाहुला बोलतो’ असे तो सांगतो आणि मोठी माणसे ते हसण्यावारी नेतात. मुलावर कुणी विश्वास ठेवत नाही, यावर त्या कथेचे सारे भय उभे आहे. मराठीत त्या मुलाच्या जागी चांगला थोराड बाप्या आला. मग त्याच्यावर लोकांनी का विश्वास ठेवू नये? पटकथेने एक युक्ती केली. लक्ष्याला बोलक्या बाहुल्यांच्या खेळाचा नाद लावून दिला. बाहुल्याला बोलवण्याची ज्याला हौस, तोच जर ‘हा आपण होऊन बोलतो हो!’ म्हणून सांगत सुटला, तर लोक हसायचेच. युक्ती झकास आहे, पण तीवर दोन-अडीच तासांचा खेळ निभत नाही. उरलेला भार लक्ष्मीकांत बेर्डे यांनी उचलला.

त्यांनी काय केले? थोराड अंगात एक पोर वागवले. आईपुढे ते पोर होतात, प्रेयसीपुढे होतात, पोलिसांपुढे तर होतातच. वाक्य अर्ध्यावर अडखळते, डोळे विस्फारतात, हात काय करावे ते न कळून हवेत राहतात. कथेतून काढून टाकलेले मूल अशा रीतीने अभिनयाच्या दाराने परत आत आले.

दुसरी गोष्ट बाहुल्याची. तो घडवला आणि नाचवला रामदास पाध्ये यांनी. मनुष्यरूपातला तात्या विंचू आणि त्याचा आवाज दिलीप प्रभावळकरांचा. दोघेही आपापल्या कलेतले पक्के. तरीसुद्धा बाहुला तो बाहुला! वितभर चेहऱ्यावर भाव किती उमटणार? एका लाथेसरशी तो कोपऱ्यात जाऊन पडेल, हे प्रेक्षकाला ठाऊक असते. त्या चिमुकल्या वस्तूचे भय वाटायचे, तर तिच्याकडे पाहणाऱ्याच्या तोंडावर ते दिसले पाहिजे. बेर्डे आधी खरोखर घाबरतात; आपण मागाहून हसतो. एखादा हलका नट अशा जागी प्रेक्षकांना डोळा मारून मोकळा झाला असता, आणि भूत व विनोद दोन्ही एकदम मेले असते.

पुढे २०१३ साली ‘झपाटलेला २’ आला. बाहुला तोच होता, आणि या वेळी तो त्रिमिती तंत्राने अंगावर येत होता. पण बेर्डे १६ डिसेंबर २००४ रोजी, अवघ्या पन्नाशीत, गेलेले होते. आमच्या मते त्या चित्रपटात यंत्र सुधारले आणि धडधड कमी झाली.

कथा ठाऊक असूनही माणसे सोंगाड्यासाठी जातात, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. ‘गाढवाचं लग्न’ या वगात शापाने गाढव झालेला गंधर्व आणि त्याला वरणारी राजकन्या, ही अद्भुत गोष्ट लोकांच्या तोंडपाठ होती. तरी दादू इंदुरीकरांचा सावळ्या कुंभार पाहायला गर्दी लोटे.

आणि येथे आम्हाला एक कडू गोष्ट बोलावीशी वाटते. ‘टूरटूर’ या १९८३ च्या नाटकाने पुढे आलेला, मुंबई मराठी साहित्य संघात नोकरी करता करता रंगभूमी शिकलेला हा नट. तो सैल पटकथा सावरतो असे दिसताच मराठी चित्रसृष्टीने सैल पटकथाच त्याच्या पुढ्यात टाकण्याचा सपाटा लावला. ‘लक्ष्या आहे ना, निभावून नेईल!’ अशी ती वृत्ती. अपवाद १९९२ चा. पु. ल. देशपांडे यांची पटकथा, जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन, आणि तमाशातल्या सोंगाड्याच्या भूमिकेत बेर्डे, असा ‘एक होता विदूषक’ निघाला. त्यातली कथा कुणाकडून उसनी आणलेली नव्हती. तो ‘झपाटलेला’च्या एकच वर्ष आधीचा. आपल्यापैकी कितीजणांनी तो त्या वेळी तिकीट काढून पाहिला, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.