औषधाआधी रक्त



थंडी वाजून ताप भरलेला, रक्तदाब उतरलेला रुग्ण दाखल झाला की डॉक्टर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, पाठवायला सांगतात. सिस्टर एका हातातून मोठी सिरिंज भरून रक्त काढतात, मग दुसऱ्या हातातून पुन्हा तेवढंच. नातेवाईक कळवळून विचारतात, ‘आधीच अंगात त्राण नाही, एवढं रक्त कशाला?’ प्रश्न रास्त आहे.

रक्तात जंतू शिरून मोठा माणूस अत्यवस्थ झाला, तरी त्याच्या एका मिलिलिटर रक्तात पुष्कळदा एखाददुसराच जिवंत जंतू असतो. कधी तोही नसतो. थोडं रक्त घेतलं तर तो हुकतो. म्हणून प्रत्येक बाटलीत 8 ते 10 मिलिलिटर रक्त घालतात. प्रत्येक हाताच्या दोन बाटल्या: एक हवेत वाढणाऱ्या जंतूंसाठी, दुसरी हवेविना वाढणाऱ्यांसाठी. सगळं मिळून 40 मिलिलिटरच्या आत. रक्तदानात 350 मिलिलिटर जातं, तेव्हा घाबरू नका. लहान मुलांचं रक्त अर्थात वजन पाहून, बरंच कमी घेतात.

दोन हात कशासाठी? आपल्या कातडीवर एरवी निरुपद्रवी जंतू राहतात आणि सुईबरोबर तेही बाटलीत उतरू शकतात. चारांपैकी एकाच बाटलीत असा जंतू वाढला, तर तो बहुधा कातडीवरचा. दोन्ही हातांच्या रक्तात तोच निघाला, तर मात्र गांभीर्यानं घ्यावं लागतं. म्हणूनच सुई टोचण्याआधी जागा औषधानं घासून पूर्ण वाळू द्यायची आणि तिथे पुन्हा बोट लावायचं नाही. घाईत नेमकं हेच राहून जातं.

प्रयोगशाळेत बाटल्या शरीराच्या उष्णतेइतक्या उबेत ठेवतात. जंतू वाढले की कार्बन डायऑक्साइड सोडतात. एका प्रकारच्या बाटलीत त्यामुळे बुडाची हिरवट चकती पिवळी पडते, आणि यंत्र इशारा देतं. मग थेंबभर द्रव काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा आणि दिसलं ते तिथल्या तिथे वॉर्डात फोन करून कळवायचं. बहुतेक जंतू पहिल्या दोन दिवसांत दिसतात; ‘काही वाढलं नाही’ म्हणायला मात्र साधारण पाच दिवस थांबतात.

मला सर्वांत जास्त टोचतं ते अँटिबायोटिक दिल्यावर आलेलं रक्त. औषधानं अर्धमेला झालेला जंतू बाटलीत वाढत नाही, पण शरीरात टिकून राहू शकतो. टायफॉइडमध्ये हे फार घडतं. आपल्याकडे विडाल तपासणीवर भिस्त ठेवतात, पण जुन्या संसर्गामुळेही ती पॉझिटिव्ह येते, आणि कोणतं औषध लागू पडेल हे ती सांगत नाही. कल्चरमध्ये जंतू वाढला तर ते सांगता येतं. रुग्ण अत्यवस्थ असेल तर कल्चरपायी औषध अडवू नये. पण रक्त काढायला पाच-दहा मिनिटंच लागतात.

दवाखान्यात निघताना आधी घेतलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपसुद्धा पिशवीत टाका, आणि रक्त घेण्याआधीच डॉक्टरांना दाखवा.